नटरॉकर : प्लास्टिकच्या किटांवरून निघालेली फिल्म – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शोकेसमध्ये, शाळेत मिळालेल्या ढालीशेजारी, अंड्याच्या आकाराचा एक मळका प्राणी उभा आहे. त्याला दोन पाय आहेत, एका हाताच्या जागी बंदूक आहे आणि गुडघ्यापर्यंत चिखल आहे. घरी आलेला माणूस आधी विचारतो, "हा रोबोट का?" नाही, हे चिलखत आहे, आत माणूस असतो. मग विचारतो, "याचा पिक्चर आहे का?" आहे, 1985 चा. तिथून पुढे जे प्रश्न येतात ते दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

ही फिल्म नेमकी कसली?

नाव 'नटरॉकर'. लांबी साधारण 25 मिनिटं. कार्टून नाही, खऱ्या नटांची आणि छोट्या मॉडेलांची. 'हॉबी जपान' या मासिकात 'एसएफ3डी' नावाची एक मालिका चालायची आणि तिच्यातल्या यंत्रांची किटं, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायची प्लास्टिकची मॉडेलं, निट्टो ही कंपनी काढायची. त्या मालिकेवरची ही फिल्म. बनवली त्सुबुराया प्रॉडक्शन्सने, दिग्दर्शक शिनइची ओओका.

ती थेट व्हिडिओसाठी काढली होती, हे ध्यानात ठेवा. जपानमध्ये तेव्हा घरोघरी व्हिसीआर येऊ लागले होते आणि फक्त कॅसेटसाठी गोष्टी बनवायची टूम निघाली होती. तशी पहिली ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, 1983 ची. 25 मिनिटांची, एकाच सैनिकाची गोष्ट टीव्हीवाल्यांनी घेतली नसती आणि थिएटरवाल्यांनी तर नाहीच. कॅसेटमुळे ती निघाली.

म्हणजे जाहिरातच ना?

हो. लाजायचं कारण नाही. पण जाहिरातीत माल चकचकीत दाखवतात. इथे माल आधी मळवला, आपटला, मग दाखवला. खोका उघडणारं हसरं पोर नाही, किंमत नाही, "आजच घ्या" नाही. किट विकायचं असेल तर ते किट आहे हेच प्रेक्षकाला विसरायला लावायचं, असा उलटा व्यवहार.

आधी फिल्म की आधी किट?

आधी मॉडेल. त्यातही आधी हाताने बनवलेलं एकमेव मॉडेल, मग मासिकातला फोटो, मग कारखान्यातलं किट, आणि सगळ्यात शेवटी फिल्म.

एरवी जपानमध्ये गाडी उलट्या दिशेने जाते. गंडम या अजस्र रोबोटच्या टीव्ही मालिकेचं उदाहरण घ्या. मालिका एप्रिल 1979 मध्ये सुरू झाली. 52 भाग ठरले होते, पण प्रेक्षक मिळेनात म्हणून 43 भागांत, जानेवारी 1980 मध्ये गुंडाळली. बंदाई या कंपनीचं पहिलं किट आलं जुलै 1980 मध्ये, 300 येनला, म्हणजे मालिका संपून सहा महिने झाल्यावर. पुनर्प्रक्षेपण आणि किटं यांनी एकमेकांना असं काही वर ओढलं की पडलेल्या मालिकेचा डोंगर झाला. तरी तिथे गोष्ट आधी होती, प्लास्टिक मागून आलं. एसएफ3डीच्या मागे टीव्ही मालिका नव्हती, मांगा (जपानी चित्रकथा) नव्हती, कुणी हिरो नव्हता. मासिकाची चार पानं आणि त्यावरचे फोटो, एवढ्या भांडवलावर किटं विकली गेली.

हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालं?

को योकोयामा. चित्रकार आणि शिल्पकार, जन्म 1956, गाव किताक्युशू. त्यांच्यासोबत गोष्टीची बाजू सांभाळणारे हिरोशी इचिमुरा आणि पानांची मांडणी करणारे कुनिताका इमाई. मालिका मासिकाच्या मे 1982 च्या अंकापासून सुरू झाली.

योकोयामांची पद्धत आपल्याकडच्या गॅरेजवाल्याला लगेच पटेल. नवीन काही ओतायचं नाही, आहे त्यातून जुळवायचं. एखाद्या रणगाड्याच्या किटातली चाकं, विमानातला एखादा भाग, मोटारीच्या इंजिनातले तुकडे घ्यायचे, एकत्र चिकटवायचे, सांध्यांमध्ये पुट्टी भरायची, घासायचं आणि वरून एकसारखा रंग मारायचा. हौशी लोक याला किटबॅशिंग म्हणतात. 'स्टार वॉर्स'ची मॉडेलं बनवणाऱ्या अमेरिकन कारागिरांनी हेच केलं होतं आणि योकोयामांनी ती युक्ती तिथूनच उचलली. खऱ्या यंत्रातल्या रिव्हेटी, झाकणं, नळ्या या कुठल्यातरी इंजिनिअरने कशासाठी तरी दिलेल्या असतात. त्या दुसरीकडे नेऊन चिकटवल्या तरी "याचा काहीतरी उपयोग असणार" असं डोळ्याला वाटत राहतं. नुसत्या कल्पनेतून काढलेल्या चित्रात तो भाव येत नाही.

गोष्ट काय आहे?

सन 2807 मध्ये चौथं महायुद्ध होतं आणि पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही. अर्ध्या शतकानंतर संशोधक येऊन पाहतात, तर निसर्ग सावरलेला. मग वसाहती उभ्या राहतात. वसाहतींमागोमाग पळपुटे सैनिक आणि गुन्हेगार येतात, आणि बंदोबस्तासाठी श्ट्राल नावाच्या प्रजासत्ताकाकडे कारभार सोपवला जातो. श्ट्रालची शिस्त जाचक. वसाहतवाले स्वातंत्र्य पुकारतात, पैसेवाले भाडोत्री सैन्य उभं करतात, आणि 2880 च्या दशकात लढाई जुंपते.

इतकं पुरे. या मालिकेत गोष्ट म्हणजे खुंटी, खरी वस्तू तिला टांगलेली आहे. गोष्टीसाठी जाल तर निराश व्हाल.

नावं जर्मन का?

कारण योकोयामा आणि मंडळींना दोन्ही महायुद्धांतल्या रणगाड्यांचं आणि विमानांचं भारी वेड. म्हणून यंत्रांना फाल्के (ससाणा), क्रोटे (बेडूक, तोही खरबरीत कातडीचा), गुस्ताव अशी नावं. मालिकेचं आजचं नावही जर्मन आहे, 'माशिनेन क्रीगर', म्हणजे यंत्रयोद्धा. हौशी लोक नुसतं 'माक' म्हणतात.

मग नटरॉकर म्हणजे कोण? फिल्ममध्ये काय होतं?

नटरॉकर हा श्ट्रालचा मानवरहित रणगाडा. त्याला चाकं नाहीत आणि पट्टेही नाहीत, जमिनीपासून अधांतरी तरंगत जातो. आत कुणी नसतं, सगळा कारभार त्याच्या यांत्रिक मेंदूचा. नावात अक्रोड फोडायचा अडकित्ता, म्हणजे नटक्रॅकर, ऐकू येतो. फिल्म 2884 च्या नाताळातली आहे, आणि युरोपात नाताळला लाकडी सैनिकाच्या रूपातला हाच अडकित्ता मांडतात, तेव्हा विनोद जरा काळा आहे.

भाडोत्री सैन्यातला एकटा सैनिक त्याच्या चिलखतात आहे, समोर हा रणगाडा. बस्स. संवाद फारसे नाहीत. शेवट सांगत नाही. 25 मिनिटांत अजून काय सांगणार!

एक मात्र सांगतो. शत्रूला चेहरा नसणं ही या फिल्मची सगळ्यात हुशार निवड आहे. चेहरा असता तर त्याला नट लागला असता आणि नटाला संवाद. रणगाड्याला नुसतं वळावं लागतं.

त्सुबुराया म्हणजे गॉडझिलावाले का?

अर्धं बरोबर. एजी त्सुबुराया या माणसाने 1954 च्या 'गॉडझिला'चे विशेष प्रभाव केले, पण तो चित्रपट तोहो कंपनीचा. स्वतःची कंपनी त्यांनी 1963 मध्ये काढली आणि तिने 1966 मध्ये 'अल्ट्रामॅन' ही टीव्ही मालिका आणली. ते स्वतः 1970 मध्ये गेले. म्हणजे नटरॉकरच्या वेळी कंपनीत त्यांची माणसं आणि त्यांची विद्या होती, ते नव्हते.

या विद्येला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात. छोटी शहरं बांधायची, छोट्या गाड्या तारांवर ओढायच्या, स्फोट घडवायचे आणि कॅमेऱ्याला फसवायचं. ओओका हे कॅमेऱ्यामागून आलेले गृहस्थ, पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. किटांवरच्या फिल्मला छायाचित्रकार दिग्दर्शक मिळणं हे चांगलंच झालं म्हणायचं, कारण इथे अभिनयापेक्षा उजेडाला जास्त काम होतं.

चाळिशी-पन्नाशीतले वाचक इथे हमखास विचारतात, "दूरदर्शनवर लागायचा तो जायंट रोबोट यांचाच ना?" नाही. तो तोएई कंपनीचा, 1967 चा. त्याचे मूळ लेखक मित्सुतेरू योकोयामा. आडनावावरून गफलत करू नका, माणसं वेगळी.

वीतभर मॉडेल पडद्यावर अजस्र कसं दिसतं?

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा जरा बसा.

समजा मॉडेल 1/20 मापाचं आहे. गोष्टीत रणगाडा 20 मीटर उंच कड्यावरून कोसळतो, म्हणजे सेटवर एक मीटरवरून. 20 मीटर पडायला साधारण दोन सेकंद लागतात. एक मीटर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. गुरुत्वाकर्षणाला तुमचं मॉडेल किती लहान आहे याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून नुसतं शूट केलं तर टेबलावरून डबा पडावा तसं दिसतं.

उपाय असा, की कॅमेरा जोरात चालवायचा आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवायची. किती जोरात? मापाच्या वर्गमुळाइतका. 20 चं वर्गमूळ साधारण 4.5. सेकंदाला 24 फ्रेमच्या ऐवजी 107 च्या आसपास फ्रेम घेतल्या, की तेच पडणं दोन सेकंदांचं होतं आणि वस्तूला वजन येतं. जुन्या राक्षसपटांत इमारती अशा सावकाश, भारदस्तपणे का कोसळतात ते आता कळलं असेल.

पण एक दुखणं बरं केलं की दुसरं उभं राहतं. इतक्या फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेमला मिळणारा उजेड चौथाईहून कमी. त्यात मॉडेल लहान म्हणून कॅमेरा जवळ, आणि जवळून घेतलं की पुढचं-मागचं धूसर होतं. ही धूसरताच चुगली करते की वस्तू लहान आहे. ती घालवायला लेन्सचं छिद्र बारीक करायचं, म्हणजे उजेड आणखी कमी. मग उरतो एकच मार्ग, दिव्यांचा भडिमार. आणि किटांचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं.

काही गोष्टी मात्र कुठल्याच गणिताला दाद देत नाहीत. पाण्याचा थेंब आणि आगीची जीभ यांचं माप बदलत नाही. छोट्या होडीभोवतीचे थेंब नेहमी मोठेच दिसतात. त्या मानाने धूळ, धूर, बारीक भुकटी ही फसवायला मदत करतात. मॉडेलाच्या मागे हलका धूर सोडला की मागचा डोंगर एकदम दोन-चार किलोमीटर लांब जातो. सह्याद्रीतल्या सकाळच्या धुक्यात डोंगररांगा एकामागे एक फिकट होत जातात ना, तीच युक्ती.

1/20 म्हणजे काय, ते सोपं करून सांगा.

खऱ्या वस्तूच्या विसाव्या भागाएवढं. 170 सेंटिमीटरचा माणूस साडेआठ सेंटिमीटरचा होतो. माकची चिलखतं साधारणपणे याच मापात येतात. तुलनेला 18 मीटरचा गंडम 1/144 मापात साडेबारा सेंटिमीटरचा. म्हणजे शोकेसमध्ये दोघं जवळपास सारख्याच उंचीचे, पण एकाच्या छातीत पायलट शेंगदाण्याएवढा आणि दुसऱ्यात पायलटच्या नाकाला वेगळा रंग देता येईल एवढा.

माप चुकलं तर काय होतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दिवाळीतला किल्ला आठवा. दरवाजापेक्षा मावळा उंच, मावळ्यापेक्षा वाघ उंच, आणि उगवलेल्या अळिवाचं जंगल महाराजांच्या गुडघ्यापर्यंत. किल्ल्यात ते शोभतं. कॅमेऱ्यासमोर नाही.

सगळं इतकं मळकं का आहे?

कारण वापरलेलं आहे.

ही चिलखतं लढाईतली आहेत. कडांवरचा रंग खरचटलाय, बिजागरीतून ग्रीस ओघळलंय, पायाला चिखल वाळलाय, कुणीतरी ब्रशने घाईत नंबर काढलाय. योकोयामांच्या आधीही मळकी अंतराळयानं पडद्यावर आली होती. पण रोबोट म्हणजे लाल-निळा-पिवळा, खेळण्यासारखा तुकतुकीत, ही जपानमधली तेव्हाची सवय, आणि हे गृहस्थ महायुद्धातल्या विमानांचे फोटो बघून रंगवत होते. आकारही तसाच. ते चिलखत सुबक नाही, ढेरपोट्या आहे. आत शिरायला जागा आहे, बाहेर बघायला काच आहे, एखादी नळी कुठून निघून कुठे जाते ते दिसतं. मोठेपणी हा छंद पुन्हा धरणाऱ्या माणसाला हेच पटतं.

आणि फिल्मचं सगळं यश माझ्या मते या मळावर उभं आहे. स्वच्छ मॉडेलावर उजेड पडला की ते प्लास्टिक दिसतं, कितीही फ्रेम घ्या. मळक्यावर पडला की लोखंड दिसतं.

शिकायचं असेल तर पुस्तकं नकोत, एसटी स्टँडवर जा. लाल डब्याच्या मागच्या बाजूला धूळ कशी बसते, चाकाच्या वर चिखलाचे शिंतोडे कुठल्या दिशेने जातात, टपाच्या पत्र्यावरून गंजाचे ओघळ खाली कसे येतात, डिझेल भरायच्या झाकणाखाली डाग कसा पसरतो. खडी वाहणारा डंपर त्याहून उत्तम गुरू.

मग हे बंद का पडलं?

हक्कांवरून. 1986 मध्ये योकोयामा आणि मासिक यांच्यात मालकी कुणाची यावर वाद झाला. मासिकातली मालिका थांबली, निट्टोनेही किटं थांबवली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1990 च्या दशकात हक्क योकोयामांकडे आले. पुढे दोन्ही बाजूंचं जुळलं, पण जुनं नाव गेलं आणि माशिनेन क्रीगर हे नाव पुढे आलं.

फिल्म आली 1985 मध्ये आणि दुकान बंद झालं 1986 मध्ये. ज्या मालाची जाहिरात केली तो वर्षभरात बाजारातून गायब. जाहिरात म्हणून पाहिलं तर याहून वाईट वेळ साधणं अवघड होतं.

आज किट मिळतात का? पहिलं कुठलं घेऊ?

मिळतात. वेव्ह आणि हासेगावा या दोन जपानी कंपन्यांची. हासेगावा मुळात विमानांच्या किटांसाठी नावाजलेली, तिने या मालिकेत 2009 मध्ये फाल्के या उडत्या यंत्रापासून सुरुवात केली. आपल्याकडे बहुतेकांना ऑनलाइनच मागवावी लागतात. किट जपानहून आलं तर कस्टमचा खर्च आधीच धरा.

पहिलं घ्यायचं ते 'एसएएफएस', म्हणजे आमच्या शोकेसमधलं ते अंडं. भाग बेताचे, गोल अंग, चुका चिखलाखाली लपतात. नटरॉकर पहिलाच घेऊ नका. मोठा सपाट पृष्ठभाग रंगवणं हे नवशिक्याचं काम नाही.

गनप्लासारखं, म्हणजे गंडमच्या किटांसारखं, नुसतं टचाटच बसवता येतं का?

नाही. गंडमची आजची किटं गोंद न लावता बसतात आणि प्लास्टिकच रंगीत असतं. इथे गोंद लागतो, पुट्टी लागते, पॉलिश पेपर लागतो आणि रंग तर लागतोच. गोंद म्हणजे फेविक्विक नव्हे. प्लास्टिक मॉडेलचा पातळ गोंद दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. लावताना खिडक्या उघड्या ठेवा. किट लहान मुलाच्या वाढदिवसाला देऊ नका. तो पाचव्या मिनिटाला रडेल आणि नंतर ते तुम्हालाच बनवावं लागेल. (कदाचित तोच हेतू असेल.)

पावसाळ्यात रंगकाम करावं का?

स्प्रेने अजिबात नको. हवेत दमटपणा असला की लॅकर रंगावर पांढुरकी साय धरते. रंगातला विद्रावक (थिनर) उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतलं पाणी त्यावर जमतं. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हा जोडायचा, घासायचा काळ समजा आणि रंगायचं काम दसऱ्यानंतर काढा. ब्रश आणि ॲक्रिलिक असेल तर पावसातही चालतं, वाळायला वेळ लागतो इतकंच. योकोयामा स्वतः ब्रशने रंगवण्यासाठी प्रसिद्ध आहेत, तेव्हा एअरब्रश नाही म्हणून अडून बसू नका.

अशा आणखी फिल्म आहेत का?

किटांसाठी काढलेल्या, हो. गनप्लाच्या तिसाव्या वर्षी, 2010 मध्ये, 'गनप्ला बिल्डर्स बिगिनिंग जी' ही तीन भागांची ॲनिमे आली. तिच्यात मुलं रोबोट चालवत नाहीत, रोबोटची किटं बनवतात आणि ती किटं लढतात. पुढे 2013 पासून 'बिल्ड फायटर्स' त्याच वाटेने गेली. तिथे किट हे किट म्हणूनच येतं, दुकानासकट. मजा आहे त्यात. नटरॉकरमध्ये किटचं नावही कुणी काढत नाही.

तुमच्या शोकेसमधल्या त्याच्यावर किती धूळ बसलीय. पुसून देऊ का?

हा प्रश्न दर दिवाळीला, साफसफाईच्या वेळी येतो. एकदा ओल्या फडक्याने उत्तरही मिळालं होतं, आणि डावा पाय मला पुन्हा रंगवावा लागला. वरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटका. गुडघ्याच्या खालची माझी आहे.